जंगल कुठे थांबते? : चोपता ते तुंगनाथ या वाटेवरचे एक वाचन

मे-जून महिन्यांत चारधामला गेलेली अनेक मराठी कुटुंबे केदारनाथ आणि बद्रीनाथ यांच्या मधला एक दिवस तुंगनाथसाठी राखून ठेवतात. ऊखीमठहून गोपेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोपता हे ठिकाण लागते. तिथून दगडी फरसबंदीची वाट वर चढते. अंतर साडेतीन-चार किलोमीटर, चढ मात्र हजार मीटरचा. चोपता सुमारे २,६८० मीटरवर, तर पंचकेदारांतले तिसरे आणि सर्वांत उंचावरचे तुंगनाथाचे मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर. मंदिराच्या वर दीडेक किलोमीटर चढले की चंद्रशिलेचा माथा येतो आणि हवा स्वच्छ असेल तर चौखंबा, केदारनाथ, त्रिशूल, नंदादेवी अशी शिखरांची रांग समोर उभी राहते. सकाळी निघालेला माणूस दुपारी चहाला खाली परत येऊ शकतो. हिमालयात इतक्या थोड्या वेळात इतके दाखवणारी वाट क्वचितच सापडते.

या वाटेवरून परतलेल्यांच्या आठवणीत मंदिर असते, बर्फ असतो, धाप लागलेली असते. पण चढाच्या मध्यावर घडणारी एक मोठी गोष्ट बहुतेकांच्या नजरेखालून निसटते. तिथे जंगल संपते. तास-दीड तास डोक्यावर असलेली दाट सावली काही पावलांत विरळ होते, झाडे खुजी होतात, वाकतात आणि मग समोर फक्त गवताचा उतार उरतो. गढवाली भाषेत या उंचावरच्या गवताळ उताराला ‘बुग्याल’ म्हणतात. काश्मीरात तो ‘मर्ग’ होतो. गुलमर्ग, सोनमर्ग ही नावे त्यातूनच आली. कुलूकडे त्याला ‘थाच’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. कुरण, माळ, सडा हे शब्द जवळचे असले तरी त्यांची जमीन वेगळी आणि हवाही वेगळी.

जंगल तिथेच का थांबते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर थंडी हे आहे आणि दुसरे उत्तर माणूस. दोन्ही खरी आहेत. कुठल्या उतारावर कोणते उत्तर अधिक खरे, यावर बुग्याल कसा जपायचा हे ठरते. कायदे, बंदी, परवाने यांची सगळी चर्चा या एका प्रश्नापाशी येऊन अडते.

रस्त्यावरचे तीन ओक

वाचन चोपत्याच्या आधीच सुरू करायला हवे. ऊखीमठ सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथून चोपत्यापर्यंतचा रस्ता जवळजवळ चौदाशे मीटर चढतो. त्या चढात खिडकीबाहेर ओक वृक्षाच्या तीन जाती एकामागून एक येतात. खालच्या टप्प्यात बांज, त्याच्या वर मोरू आणि अडीच हजार मीटरच्या आसपास खर्सू. आपल्याकडे घाट चढताना झाडे बदलतात, पण ती बरीचशी पावसाप्रमाणे आणि मातीप्रमाणे. इथे तीन चुलतभावंडांनी डोंगराचे मजले वाटून घेतले आहेत आणि ती वाटणी मुख्यतः थंडीने केली आहे.

हे ओक गढवाली संसाराचे आधार आहेत. पाला गुरांना, फांद्या चुलीला, कुजलेली पाने शेताला. बांजाच्या जंगलाखाली झरे टिकतात, असा गावकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरताना मंडल नावाचे गाव लागते. १९७३ च्या एप्रिलमध्ये चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी इथे पडली. नांगर-जू बनवण्यासाठी अंगूची झाडे मागणाऱ्या स्थानिक दशोली ग्राम स्वराज्य संघाला वनखात्याने नकार दिला होता आणि तीच झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली होती. चंडीप्रसाद भट्ट यांच्या पुढाकाराने गावकरी उभे राहिले आणि कंपनीच्या माणसांना रिकाम्या हाताने परतावे लागले. पुढच्या वर्षी रैणी गावात गौरादेवी आणि तिथल्या बायकांनी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. मंडल मात्र अनेकदा विसरले जाते. चिपकोची सुरुवात जंगल जसेच्या तसे राखण्याच्या हट्टातून झाली नव्हती. जंगल कोणाच्या उपयोगाचे, हा तिचा प्रश्न होता. वर बुग्यालात पोचल्यावर हाच प्रश्न पुन्हा भेटतो.

खर्सूचे वन

चोपत्याहून पायवाट सुरू होते ती खर्सूच्या जंगलातून. खर्सू सदाहरित आहे. त्याच्या खालच्या फांद्यांची पाने कडेला काटेरी असतात आणि म्हाताऱ्या झाडाच्या वरच्या फांद्यांची गुळगुळीत. जिथे गुरांचे तोंड पोचते तिथे काटे आणि जिथे पोचत नाही तिथे नाहीत, अशी सोय झाडाने करून ठेवली आहे. फांद्यांवरून दगडफुलाच्या जातकुळीची राखाडी-हिरवी झुलपे लोंबतात. सोबत बुरांश असतो. उत्तराखंडाचा हा राज्यवृक्ष खालच्या उंचीवर मार्चमध्येच लालभडक फुलतो. चोपत्याच्या उंचीवर मात्र एप्रिल उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. मेच्या अखेरीस गेलेल्याला वाटेवर सुकलेल्या पाकळ्याच सापडतात.

खर्सूचे एक वैशिष्ट्य मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्याचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, ते पिकते आणि बरेचदा झाडावर असतानाच त्याला कोंब फुटू लागतो. जमिनीवर पडते तेव्हा माती भिजलेली असते आणि मूळ लगेच खाली शिरते. बी पिकण्याचा काळ आणि पावसाचा काळ यांची ही जुळणी फार तंग आहे. हवा तापल्यामुळे बी काही आठवडे आधी पिकले आणि पाऊस मात्र आपल्या वेळेवरच आला, तर कोंब कोरड्या मातीवर पडून मरेल. हिमालयातल्या ओकवनांचा अभ्यास करणारे हवामानबदलाबद्दल बोलताना ही भीती आवर्जून व्यक्त करतात. मोठी झाडे शेकडो वर्षे जगतात, त्यामुळे जंगल बाहेरून ठीक दिसते. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी, कमरेएवढी खर्सूची पोरे किती आहेत ते पाहावे. जंगलाचे भविष्य उंच झाडांत दिसत नाही, त्या पोरांत दिसते. पाल्यासाठी वर्षानुवर्षे छाटलेल्या झाडाला बी कमी धरते आणि जे रुजते ते चरणाऱ्या जनावराच्या तोंडी जाते, म्हणून ही पोरे अनेक ठिकाणी विरळ असतात.

झाड का थांबते?

साधारण ३,३०० मीटरच्या आसपास उंच झाडांची फळी संपते. खर्सू, फर, क्वचित भूर्ज यांची शेवटची झाडे मागे पडतात. त्यांच्या पुढे बुरांशाचा एक ठेंगू भाऊबंद लागतो. गढवालात त्याला सिमरू म्हणतात. तो झाड म्हणावे इतका उंच नसतो आणि त्याच्या खोडाला सरळ उभे राहणे माहीत नसते. हिवाळाभर बर्फाच्या ओझ्याखाली दबून फांद्या उताराच्या दिशेने लवतात आणि वसंतात पुन्हा टोके वर काढतात. म्हणून खोडाला कोपरासारखा बाक असतो. जर्मन भाषेत अशा पट्ट्याला ‘क्रुमहोल्झ’, म्हणजे वाकडे लाकूड, असा शब्द आहे आणि वनस्पतिशास्त्राने तोच जगभर स्वीकारला. मे-जूनमध्ये सिमरूला फिक्या जांभळ्या, कधी जवळजवळ पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. पान उलटून पाहिले तर खाली तपकिरी लोकरीचा थर हाताला लागतो.

इथे झाड थांबण्याचे कारण काय? हवा विरळ असते म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते. चढणाऱ्याला धाप लागते ती त्यामुळेच. तुंगनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी असतो. पण झाडाला थांबवणारी गोष्ट वेगळी आहे. दक्षिण-पूर्व तिबेटात ज्युनिपरची झाडे ४,९०० मीटरपर्यंत वाढलेली आढळतात. उत्तर गोलार्धातली ही सर्वांत उंच वृक्षरेषा समजली जाते आणि तिथली हवा तुंगनाथहून कितीतरी विरळ आहे. उलट युरोपातल्या आल्प्समध्ये जंगल दोन-सव्वादोन हजार मीटरच्या आसपासच संपते.

जगभरच्या वृक्षरेषांवर तापमान मोजल्यावर एक साम्य समोर आले. झाडांच्या वाढीच्या मोसमातले सरासरी तापमान साडेसहा अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की जंगल थांबते. विषुववृत्तावर काय आणि उत्तरेकडे काय, आकडा फारसा बदलत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्तियान कोर्नर यांनी याचा जो उलगडा केला तो आज बहुतेकांना मान्य आहे. थंडीत पान अन्न तयार करत राहते. ते काम बरेच खालच्या तापमानातही चालते. अडते ते पुढे. त्या अन्नापासून नव्या पेशी घडवण्याचे, म्हणजे लाकूड, मूळ, अंकुर वाढवण्याचे काम पाच-सहा अंशांखाली जवळजवळ बंद पडते. कोठीत धान्य आहे, पण चूल पेटत नाही, अशी झाडाची अवस्था होते.

मग त्याच थंडीत गवत आणि फुलझाडे कशी वाढतात? याचे उत्तर उंचीत आहे. झाडाचा शेंडा मोकळ्या वाऱ्यात असतो, त्यामुळे त्याचे तापमान हवेइतकेच राहते. शिवाय झाड स्वतःच्या सावलीने आपल्या मुळांखालची माती गार ठेवते. जमिनीला चिकटून वाढणारी वनस्पती मात्र वाऱ्याच्या तावडीतून सुटते. उन्हाने तापलेली माती आणि पानांच्या दाट गादीत अडकलेली हवा मिळून तिच्यापुरते एक वेगळे हवामान तयार होते. स्वच्छ उन्हाच्या दुपारी अशा गादीच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त असू शकते. थोडक्यात, उंच वाढणे हीच इथे झाडाची अडचण आहे.

चोपता-तुंगनाथचा हा उतार वृक्षरेषेच्या अभ्यासासाठी निवडलेल्या भारतातल्या मोजक्या उतारांपैकी एक आहे. काश्मीर, उत्तराखंड आणि सिक्कीम अशा तीन ठिकाणी हिमालयाच्या वृक्षरेषेचा एकत्रित अभ्यास झाला, त्यातले उत्तराखंडातले ठिकाण हेच. या उतारावर निरनिराळ्या उंचीवर लावलेल्या तापमापकांनी दाखवले की दर शंभर मीटरला तापमान वर्षाच्या सरासरीने सुमारे ०.५३ अंशाने उतरते. पाठ्यपुस्तकात आपण ०.६५ शिकलेलो असतो. म्हणजे चोपत्याहून मंदिरापर्यंतच्या हजार मीटरांत पारा साधारण पाच अंश खाली येतो. आकडा लहान वाटतो, पण एक अख्खे जंगल त्या पाच अंशांत संपते.

बुग्यालाचा छोटा उन्हाळा

सिमरूचा पट्टा मागे पडला की बुग्याल उघडतो. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत हा उतार बर्फाखाली असतो. बर्फ हे इथल्या वनस्पतींचे पांघरूण आहे. वर उणे दहा-पंधरा अंश असले तरी जाड बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते आणि कंद-मुळे गोठून फुटत नाहीत. बर्फ सगळीकडून एकदम वितळत नाही. दक्षिणेकडचा उतार आधी मोकळा होतो, घळीतला आणि उत्तरेकडचा पांढरा पट्टा जूनपर्यंत रेंगाळतो. त्या पट्ट्याच्या कडेने चालत गेल्यास ऋतू एकमेकांना लागून मांडलेले दिसतात. बर्फाला टेकून ओला चिखल, हातभर अंतरावर नुकते डोके काढलेले कोंब, आणखी थोडे पुढे प्रिम्युलाचे जांभळे चेंडू, पाण्याच्या ओघळाजवळ कॅल्थाची पिवळीधमक फुले. बर्फ जसा मागे सरतो तशी फुले त्याच्या पाठोपाठ जातात.

उगवणे, फुलणे, बी धरणे आणि पुढच्या वर्षासाठी मुळात अन्न साठवणे हे सगळे चार-पाच महिन्यांत उरकायचे असते. म्हणून इथल्या बहुतेक वनस्पती बहुवर्षायू आहेत. दरवर्षी बियांपासून नव्याने सुरुवात करणे त्यांना परवडत नाही. जमिनीवर दिसते त्याहून जास्त वस्तुमान जमिनीखाली असते. गवताची मुळे एकमेकांत इतकी घट्ट विणलेली असतात की वरची काही बोटे माती म्हणजे एक जाड चटईच होते. चटई शाबूत असेपर्यंत पावसाचे पाणी तिच्यात मुरते आणि सावकाश खाली झिरपते.

वाटेकडेच्या दगडांच्या राशीत थोडा वेळ शांत उभे राहिले तर उंदराएवढा, बिनशेपटीचा, गोल कानांचा एक प्राणी डोकावतो. तो पिका. उंदरापेक्षा तो सशाच्या जवळचा आहे. दगडांच्या फटींत उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात बर्फाखालची ऊब असे दोन्ही त्याला मिळते. सकाळी लवकर निघाल्यास सिमरूच्या कडेने मोनाल नर दिसण्याची शक्यता असते. कस्तुरीमृगासाठी १९७२ साली स्थापन झालेले केदारनाथ अभयारण्य याच परिसरात आहे.

दुसरी रेषा

आतापर्यंत सांगितलेली रेषा थंडीने आखलेली आहे. पण प्रत्यक्ष उतारावर झाडे संपतात ती रेषा आणि थंडीमुळे झाडांना संपावे लागेल ती रेषा, या नेहमी एकच नसतात. एखाद्या अवघड कड्यावर झाडे वरपर्यंत चढलेली असतात आणि शेजारच्या सोप्या उतारावर तीच दोनशे मीटर खाली थांबलेली दिसतात. थंडी दोन्हीकडे सारखीच आहे. कड्यावर मेंढी जात नाही, कुऱ्हाड पोचत नाही, एवढाच फरक.

बुग्यालात उन्हाळ्यापुरती राहण्याची दगडी झोपडी म्हणजे छानी आणि तिच्याभोवतीचे चराऊ रान म्हणजे खर्क. मे-जूनमध्ये बर्फ गेले की खालच्या गावांतले पशुपालक आणि मेंढपाळ जनावरे घेऊन वर येतात आणि शरद ऋतूत उतरतात. हे शतकानुशतके चालले आहे. जळणासाठी वृक्षरेषेवरचीच झाडे तुटतात, कारण तीच सर्वांत जवळची. उगवणारी रोपे चरली जातात. अशा ठिकाणी गवत खाली सरकते आणि जंगल मागे हटते. जनावरे रात्री बसतात त्या जागा तर वर्षांनंतरही ओळखता येतात. तिथे मूत आणि शेण जिरून जमीन इतकी माजते की नाजूक फुलझाडे हटतात आणि रानपालकासारखी रुंद पानांची दांडगी झुडपे माजतात. गवताच्या उतारावर मधेच असा गर्द हिरवा तुकडा दिसला, तर तिथे कधीकाळी कळप बसत होता असे खुशाल समजावे.

सिमरूची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची पाने जनावरांना विषारी असल्याने गुरे-मेंढ्या ती टाळतात. आजूबाजूचे सगळे चरले जाते, सिमरू उरतो. त्याला आवर बसतो तो जळणासाठी होणाऱ्या तोडीने आणि थंडीने. आता दोन्ही कमी होत चालले आहेत. त्यामुळे बुग्यालाच्या खालच्या कडेवर गवत आणि सिमरू यांच्यात जागेसाठी ओढाताण चालू असते. हवा तापते आहे म्हणून वृक्षरेषा वर सरकते आहे का, या प्रश्नाला हिमालयातले अभ्यास एकच उत्तर देत नाहीत, याचे कारणही इथे आहे. माणसाने खाली ढकललेले जंगल परत आपल्या जागी येते आहे, की ऊब वाढल्याने नव्या जागी जाते आहे, हे वेगळे करणे सोपे नसते. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

बाळगुटीतला बुग्याल

बुग्यालाचे महाराष्ट्राशी नाते केवळ प्रवासाचे नाही. जुन्या मराठी घरात बाळाला सहाणेवर उगाळून दिल्या जाणाऱ्या बाळगुटीत वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या सोबत एक पांढुरकी, कडू कांडी असते : अतिविष. ही एका अ‍ॅकोनाइट जातीची कंदमुळे आणि ती येतात पश्चिम हिमालयातल्या उंच उतारांवरून, बुग्यालांतून. केसांच्या तेलात आणि काही उटण्यांत घातली जाणारी जटामांसीही हिमालयाच्या याच उंचीवरची. काढ्यातली कुटकी तिथलीच. मराठी आजीने तुंगनाथ पाहिलेला नसला तरी बुग्यालाची चव तिच्या सहाणेवर पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे.

या सगळ्यांत उपयोगाचा भाग जमिनीखाली असतो, हीच अडचण आहे. पान तोडले तर झाड उरते; कंद उपटला की झाड गेले. बी पिकायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. त्याआधी खणणारा पोचला तर पुढची पिढीही त्याच पिशवीत जाते. वर पाहिले तसे इथल्या वनस्पतीला वाढीचे महिने मोजकेच मिळतात, त्यामुळे कंद भरायला वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत अतिविष ‘धोक्यात’ आणि जटामांसी ‘अतिशय धोक्यात’ अशा वर्गांत नोंदलेली आहे. गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राचे एक क्षेत्र तुंगनाथच्या वाटेवरच आहे. या वनस्पती शेतात लावता याव्यात यासाठी तिथे दीर्घकाळ काम झाले आहे. लागवडीचे अतिविष रानातल्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे मिळू लागले, तरच खणणे थांबेल. केवळ पहारा ठेवून ते थांबत नाही, कारण उतार मोठा असतो आणि पहारेकरी थोडे.

जपायचे म्हणजे काय करायचे?

बुग्यालाचे सगळ्यात दिसणारे नुकसान पावलांनी होते. वळणाची फरसबंदी सोडून लोक सरळ वर चढतात. शंभर जण एकाच रेषेत चालले की मुळांची चटई फाटते. रात्री मातीतले पाणी गोठून सुईसारखे बर्फ उगवते आणि उघडी माती उचलून सैल करते, सकाळी ते वितळते, पावसाळ्यात ती माती वाहून जाते. पुढच्या वर्षी तिथे पायवाट नसते, ओहोळ असतो. चटई पुन्हा विणली जायला दशके लागतात. उत्तरकाशीजवळच्या दयारा बुग्यालात वनखात्याने अशा घळी भरण्यासाठी नारळाच्या काथ्याच्या जाळ्या, चिडाच्या सुकलेल्या सुयांचे भारे आणि बांबू वापरले. समुद्रकाठचा काथ्या साडेतीन हजार मीटरवर माती धरून बसला आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने अली-बेदिनी-बगजी बुग्यालांविषयीच्या याचिकेवर निकाल देताना राज्यातल्या बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली, पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली आणि व्यापारी चराईवरही निर्बंध आणले. तंबूंच्या गावांनी, प्लास्टिकने आणि खेचरांच्या तांड्यांनी उतार ज्या वेगाने उजाड होत होते ते पाहता हा निकाल समजण्यासारखा आहे. एका दिवसात जाऊन येण्याच्या तुंगनाथसारख्या वाटेचे महत्त्व त्यामुळे वाढते.

परंतु माणूस आणि जनावर बाहेर काढले की बुग्याल आपोआप मूळपदावर येतो, हे गृहीतक तपासून घ्यायला हवे. त्यासाठी दूर जायला नको. चमोली जिल्ह्यातल्या फुलांच्या दरीला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि चराई बंद झाली. पुढच्या काळात पुरुषभर उंचीची पॉलिगोनम नावाची वनस्पती दरीच्या काही भागांत इतकी पसरली की वनखात्याला ती उपटून काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. मेंढ्या तिला आटोक्यात ठेवत होत्या, असे काहींचे म्हणणे; ती मुळात जुन्या कळपांच्या बैठकीच्या आणि खचलेल्या जागीच वाढते, चराईबंदीने बाकी दरीचा फायदाच झाला, असे दुसऱ्यांचे. वाद मिटलेला नाही.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. साताऱ्याजवळचे कास पठार उंचीने जेमतेम बाराशे मीटर. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच असल्याने थंडीने आखलेली वृक्षरेषा सह्याद्रीत कुठेच नाही. कासवर झाडे नाहीत ती जांभा खडकावरच्या बोटभर मातीमुळे. कारण वेगळे, पण पेच तोच. गर्दी आवरण्यासाठी तिथे कुंपण घातले, चराई थांबली आणि काही वर्षांतच गुरांच्या चरण्याने फुलांना मोकळी जागा मिळत होती का, अशी चर्चा सुरू झाली. पुढे कुंपण काढण्यात आले.

या उदाहरणांवरून चराई चांगली की वाईट, असा एक निकाल काढता येणार नाही. जिथे जंगल चराईमुळे खाली ढकलले गेले आहे तिथे जनावरे कमी केल्यास झाडे परततील आणि तेच योग्य ठरेल. थंडीच्या रेषेच्या वरचा उतार झाडांचा कधीच नव्हता. तिथे मोजक्या मेंढ्या दोन महिने चरल्याने जे होते, ते पाचशे तंबू आणि हजार बुटांनी होणाऱ्या नुकसानीच्या पंगतीत बसवता येत नाही. कुठला उतार कोणत्या प्रकारचा, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. ते पाहणाऱ्यांत तापमापक लावणारे शास्त्रज्ञ असायला हवेत आणि कोणत्या घळीत कोणत्या आठवड्यात काय उगवते हे सांगू शकणारा मेंढपाळही. मंडलच्या लोकांनी १९७३ मध्ये जंगलाच्या निर्णयात आपली जागा मागितली होती. बुग्यालाच्या निर्णयात ती अजून पुरेशी मिळालेली नाही.

तुंगनाथाचे पुजारी मक्कू गावचे. हा दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडेल त्या सुमारास मंदिराचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात आणि देवाची डोली गवताचा उतार, सिमरूचा पट्टा, खर्सूचे वन अशी उतरत मक्कूमठला जाते. मेंढपाळ त्याआधीच खाली गेलेले असतात. बर्फाच्या पांघरुणाखाली बुग्याल चार-पाच महिने एकटा राहतो. इथल्या देवालाही बारमाही मुक्काम नाही. वर किती दिवस राहायचे आणि कधी उतरायचे, याचा नियम या डोंगराने न्यायालयाच्या कितीतरी आधी घालून दिलेला आहे.